अकरा खिशांचं कापड

"काय आहे तोंडात? आ कर. जुई, आ कर बघू."

जुईनं आ केलं नाही. ती हसली, आणि तिच्या दोन दातांवर, हिरड्यांवर, हनुवटीवर काळं काहीतरी माखलेलं मला दिसलं. तिच्या मुठीत एका जाड कापडाच्या गुंडाळीचं टोक होतं. ते चिंब ओलं झालेलं होतं, म्हणजे बराच वेळ चोखणं चाललं असणार.

मी किंचाळलेच.

ती खंडेनवमीची सकाळ होती. गडहिंग्लजच्या आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात माझे सासरे काम करायचे. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. चकलीचा पितळी सोऱ्या हातानं घडवणारे त्या भागात ते एकटेच उरले होते. सासूबाईंना जाऊन सव्वा वर्ष झालं होतं, गेल्या वर्षी दुखवट्यात सण केला नव्हता, त्यामुळे हत्यारांच्या पूजेची तयारी पहिल्यांदाच माझ्यावर आली होती. मामा झेंडू आणायला बाजारात गेले होते. मी त्यांची लाकडी पेटी पुसायला काढली, झाकण उघडलं आणि फडकं आणायला आत गेले. अर्धा मिनिट. तेवढ्यात दहा महिन्यांची ही बाई रांगत पेटीपर्यंत पोचली होती.

मी तिचं तोंड धुतलं, बोट घालून पुसलं, पुन्हा धुतलं. डॉक्टरांना फोन केला. "अहो, काही होत नाही," ते म्हणाले. त्यांना माझ्या फोनांची सवय होती. पण पितळेत थोडं शिसं असतं, हे मला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकवलं होतं. बाळ झाल्यापासून कॉलेजात शिकलेलं सगळं एकेक करून मला भीती घालायला परत येत होतं.

गुंडाळी उलगडली. आत शिवलेले अकरा खिसे होते आणि प्रत्येक खिशात एकेक बारीक कानस, बोरूएवढी. कापड म्हणजे सासूबाईंच्या जुन्या खणाचा तुकडा, आतून जाड अस्तर लावलेला. प्रत्येक खिशावर त्यांनी लाल दोऱ्यानं एक छोटी खूण भरली होती. तिकोन, गोल, चौकोन, अर्धचंद्र. ज्या आकाराची कानस, त्या आकाराची खूण. कुठल्याशा खिशातून कापराची विरत आलेली वडी निघाली. आणि सगळ्यावर पितळेची काळी धूळ, वर्षानुवर्षांची.

मला ते कापड तसंच ठेववेना. मी ते गरम पाण्यात भिजत घातलं. कानशी कोरड्या फडक्यानं पुसल्या आणि बिस्किटांच्या एका गोल पत्र्याच्या डब्यात टाकल्या. झाकण घट्ट होतं. मी ते तीनदा ओढून पाहिलं.

फाटक वाजलं. मी पेटी घाईघाईनं बंद करून देवापुढे सरकवली.

"वृषाली, बारकी फुलं मिळाली गं. मोठी सगळी सकाळीच उचलली लोकांनी." मामांनी पिशवी ठेवली. "पेटी पुसलीस? शाबास."

ऐरण, हातोडी, चिमटे पाटावर मांडले. मी हळदकुंकवाची कुयरी उघडली तसे ते म्हणाले, "कानशींना कुंकू न्हाई लावायचं हां. दातात बसतंय. तुझी सासू पेटीवरच बोट लावायची. लाव तू पण."

मी पेटीच्या झाकणावर कुंकू लावलं. आत कानशी नव्हत्या. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण खंडेनवमीला हत्यारं विसाव्याला बसतात, दसरा संपेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हे त्यांनी मला आदल्याच दिवशी दोनदा बजावलं होतं. पहिल्याच पूजेला मी सगळी उपसून बसले, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? कापड वाळलं की घालू परत, असं मी ठरवलं.

आभाळ भरून आलेलं होतं. कापड काही वाळेना. आणि जुईला डबा सापडला.

तिनं तो ढकलला तेव्हा आतून जो आवाज झाला, त्यानं ती आधी दचकली आणि मग असं खिदळली, की मी स्वयंपाक सोडून बाहेर आले. छुमछुम, किणकिण, मध्येच एक बारीक खळ्ळ. मी झाकण तपासलं. घट्ट. कडा तपासल्या. कुठे धार नव्हती. मग दिला तिला डबा. दोन दिवस ती तो हलवत होती, आपटत होती, सोप्याच्या पायरीवरून घरंगळत सोडत होती. मीच आणून परत वर ठेवायचे.

"काय घातलंयस गं त्यात?" मामांनी विचारलं.

"चमचे."

"चमचे? ग्वाड वाजत्यात की." त्यांनी डबा उचलला, कानाशी नेऊन हलवला आणि जुईच्या पुढे मांडी घालून बसले. "कुणाचं चमचं? आमच्या जुबाईचं चमचं!" आणि छुमछुम, छुमछुम. जुई टाळ्या पिटत होती. मामाही हसत होते. सासूबाई गेल्यापासून मी त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

दसऱ्याला सकाळच्या बसनं माझा नवरा संदेश पुण्याहून आला. महिन्यापूर्वी त्याची तिकडे बदली झाली होती. सोनं देऊनघेऊन झालं, जेवणं झाली आणि पानावरून उठता उठता त्यानं विषय काढलाच.

"अप्पा, सातव्या मजल्यावरचा फ्लॅट बघितलाय. लिफ्ट आहे. समोर बाग आहे. दिवाळीनंतर तिघं या. इथे एकट्यानं काय करणार तुम्ही?"

"एकटा का? ही पितळ हाय की संगतीला."

"डोळ्याचं ऑपरेशन एकाचंच झालंय. दुसऱ्यानं दिसत नाही. तुमच्या सोऱ्याच्या चकत्या घेतंय कोण आता?"

"बचत गटाच्या बायकांनी बारा सांगितल्यात. शेवंता सोताहून आली हुती." मामांनी सुपारी कातरता कातरता थांबून त्याच्याकडे पाहिलं. "असं करू. ह्या बारा तिच्या पसंतीला उतरल्या, तर मी हितंच. सून अन् नात बी हितंच, तू शनवारी येत जा. न्हाई उतरल्या, तर कुलूप लावून येतो तुझ्या सातव्या मजल्यावर. मग रडगाणं न्हाई."

"ठरलं?"

"ठरलं."

संदेशनं माझ्याकडे पाहिलं. मी ताटं गोळा करत होते. मला काय हवं होतं हे त्याला माहीत होतं. सोप्यात पितळेचा कीस पडतो. दिवसातून चार वेळा मी तिथे ओला पोछा फिरवायचे आणि तरी जुईचे तळवे काळे. सातव्या मजल्यावर स्वच्छ पांढरी फरशी होती. मी मोबाइलवर पाहिली होती ती.

दुसऱ्या दिवशी संदेश पहाटेच्या गाडीनं गेला. कापड एकदाचं वाळलं होतं. मामा आंघोळीला गेले तेवढ्यात मी लाल खुणा बघून अकराच्या अकरा कानशी आपापल्या खिशात घातल्या, देवघरातली कापराची नवी वडी ठेवली, गुंडाळी पेटीत. रिकाम्या डब्यानं जुई रडायला लागली, म्हणून त्यात खरोखरच चमचे टाकून दिले.

"कापराचा वास ताजा हाय," पेटी उघडताना मामा म्हणाले.

"मी घातला. पूजेचा."

"ब्येस केलंस."

चकलीच्या चकतीचं सगळं काम म्हणजे मधली चांदणी. आधी गोल भोक पाडायचं आणि मग तिकोनी कानशीनं एकेक टोक आत कोरत न्यायचं. ते टोक जितकं धारदार, तितका चकलीला काटा. मामांची तिकोनी कानस विलायती होती, त्यांच्या वडिलांच्या वापरातली. तसली आता मिळत नाही, असं ते नेहमी सांगायचे. त्यांचं काम चाललं की स्वयंपाकघरात मला खर्र, खर्र, खर्र असा आवाज येत राहायचा. जुई त्या आवाजावर झोपायची.

त्या दिवशी तो आवाज आला नाही. सुळ्ळ, सुळ्ळ, असं काहीतरी ओलसर यायला लागलं. मग थांबायचा. मग पुन्हा सुळ्ळ.

"वृषाली, जरा ये गं. ही रेघ तुला सरळ दिसतीया का?"

"सरळ आहे की, मामा."

"मग जोर कमी पडतोय का काय." त्यांनी कानस अंगठ्यावरून ओढली, दोनदा. अंगठा घट्टे पडून बधिर झालेला. "काय कळंना. आज जेवण कमी झालं असंल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी चष्मा पुसला. तिसऱ्या दिवशी दिव्याची जागा बदलली. चौथ्या दिवशी मान दुखते म्हणून शेक घेतला. एकदा बसल्या जागेवरून म्हणाले, "डब्याचा आवाज बदलला गं हिच्या."

"चमचे बदललेत," मी म्हटलं.

सहाव्या दिवशी शेवंताकाकू आल्या, बचत गटाच्या प्रमुख. येताना भिजवलेल्या भाजणीचा गोळाच डब्यात घालून आणला होता. चकती बघायची नाही, चकली बघायची, असा त्यांचा खाक्या. पदर खोचून खाली बसल्या, सोऱ्यात चकती टाकली, पीठ भरलं आणि वर्तमानपत्रावर एक फिरवली.

शेवंताकाकूंनी दुसरी फिरवली. मग मान तिरकी करून तिच्याकडे पाहत राहिल्या.

"केरबाअण्णा, ही चकली हाय का शेवेचं वेटोळं?"

"का? काय झालं?"

"काटा कुठं हाय?" त्यांनी वर्तमानपत्रच उचलून त्यांच्या डोळ्यांपुढे धरलं. "माझ्या आईकडं तुमचा सोऱ्या हाय, तीस वर्सं झाली. त्याचा काटा जिभंला टोचतोय अजून. हे बघा, कसं गुळगुळीत. टकलावानी."

मामांनी त्या कच्च्या चकलीवरून बोट फिरवलं. ते त्यांना कळलं. बोटाचं टोक काही बधिर नव्हतं.

"दुसरी लाव."

दुसरी लावली. तिसरी लावली. शेवंताकाकूंचा आवाज आता खाली आला होता. "राग मानू नका. आमचा घाणा सुरू व्हायला दहा दिवस हायत. तवर जमलं तर दावा. न्हाईतर मी मशीनच्या घेते. बायकांची दिवाळी हाय ओ त्याच्यावर."

त्यांनी पीठ परत डब्यात भरलं. चहा घेतला नाही.

मामा बराच वेळ उजवा हात उघडून बसले होते. जणू तळहातावर कुणी काही ठेवलंय आणि ते काय आहे ते ओळखायचंय.

"हात गेला, वृषाली," ते म्हणाले. "डोळं जायाचंच हुतं. पण हात राहील वाटलं हुतं."

"असं काय म्हणता? अजून दहा दिवस आहेत."

"धा दिवसांनी काय हात नवा येणार हाय?" त्यांनी माझ्या मोबाइलकडे बोट केलं. "संदेशला लाव."

मी लावला. "संदेश, घर बघून ठेव. येतो मी," एवढंच ते म्हणाले आणि फोन माझ्या हातात देऊन मागच्या अंगणात गेले. तिकडून संदेश विचारत होता, "खरंच? खरंच म्हणाले?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण खोटं कशाला लिहू? त्यातलं थोडं सुटकेचं होतं. मला पांढरी फरशी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवाच्या सुमारास मामा ती गुंडाळी घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले. मी गवार निवडायला बसले होते. जुई डबा वाजवत होती. बद्द, बद्द.

"पोतदार सोनाराला निरोप धाडलाय. त्यो माणूस पाठवंल सांजच्याला. ह्या त्याच्या कामाच्या. मी डुलकी काढत असलो तर तूच दे. पण कशा ठेवायच्या ते त्याला नीट सांग. त्याची पोरं धसमुसळी हायत."

"सांगते."

"आधी ऐक तर." ते खाली बसले, गुंडाळी पसरली. तिकोनी काढून तिच्या मुठीला धरली. "ही दिसायला लोखंड. पण दात काचंचं समज. म्हणून एकीला दुसरी लागू द्यायची न्हाई. एकत्र टाकल्या की एकमेकीलाच खात्यात. वरनं तुला काय दिसायचं न्हाई, पण दाताचं टोक उडतंय. मग पितळंवर नुसती घसरतीया. पितळ म्हंतंय, काय बाई गुदगुल्या करतीयास."

ते हसले. मी हसले नाही. गवारीची शेंग माझ्या बोटांत तशीच राहिली.

"पाणी दावायचं न्हाई, तेल लावायचं न्हाई. कापूर ठेवायचा म्हंजे गंज धरत न्हाई. वर हातोडी ठेवायची न्हाई. एवढंच." त्यांनी तिकोनी परत तिच्या खिशात सरकवली आणि लाल दोऱ्याच्या खुणेवरून बोट फिरवलं. "हे कापड मी शिवायला सांगितलं नव्हतं बरं का. तुझ्या सासूनं आपणहून शिवून आणलं, लग्नाला चार वर्सं झाल्यावर. का शिवलं, ते बी तवाच कळलं." त्यांना काहीतरी आठवून पुन्हा हसू आलं, पण पुढे बोलले नाहीत. गुंडाळी माझ्या शेजारी ठेवून सोप्यात जाऊन आडवे झाले.

बद्द, बद्द. चमचे वाजत होते.

मी उठले. तिकोनी काढली, खिडकीत उजेडाला धरली. डोळ्यांना खरंच काही दिसलं नाही. मग मोबाइलच्या कॅमेऱ्यानं मोठी करून पाहिली. दातांच्या रांगा होत्या आणि त्या रांगांवर जागोजागी पांढरे चमकणारे ठिपके होते, मीठ सांडावं तसे. प्रत्येक ठिपका म्हणजे एक तुटलेलं टोक. मी चौकोनी पाहिली. गोल पाहिली. सगळ्यांवर मीठ.

दोन दिवस. पायरीवरून घरंगळला की परत वर आणून ठेवणारी मीच.

मी खाली बसले आणि गवार मोडायला लागले. एकेक शेंग घ्यायची, टोक मोडायचं, शीर ओढायची, तुकडे करायचे. मामांचा हात गेलेला नव्हता. हे घरात फक्त मला माहीत होतं. आणि संध्याकाळी पोतदाराचा माणूस आला, की ते कुणालाच कधी कळणार नव्हतं. पोतदाराची पोरं धसमुसळी. कानशी त्यांनीच घालवल्या म्हणतील.

मोबाइल वाजला. संदेशनं फ्लॅटचा व्हिडिओ पाठवला होता. "ही जुईची खोली," त्याचा आवाज येत होता, "हे बघ, ऊन कसं येतं. खिडकीला जाळी आहे, घाबरू नकोस." मी तो दोनदा पाहिला. जुई रांगत आली आणि पडद्यावर काळा पंजा उमटवला. मी तो पंजा पुसला. मग तिचा हात पुसला.

तसंही पुण्याला त्यांच्यासाठी बरंच आहे, मी मनाशी म्हटलं. डॉक्टर जवळ. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होईल. नातीजवळ राहतील. यातलं एकही खोटं नव्हतं. मी आणखी एक शेंग घेतली. गवार एवढी बारीक मोडली होती, की भाजीत ती सापडली नसती. तरी मी मोडत राहिले.

जेवताना त्यांनी डाव्या हातानं पाण्याचा तांब्या उचलला. उजवा जवळ होता. मी ते पाहिलं. जेवून झाल्यावर ताटही डाव्या हातानं उचललं. उजव्या हाताशी त्यांनी बोलणंच टाकलं होतं.

तीनच्या सुमाराला चहा टाकला. कप त्यांच्यापुढे ठेवला आणि मी उभ्याउभ्याच बोलले, बसले असते तर बोलले नसते.

"मामा, हात नाही गेला. कानशी गेल्यात. मी घालवल्या."

त्यांनी वर पाहिलं.

सगळं सांगितलं. तोंडातलं काळं, कापड धुणं, बिस्किटांचा डबा. "चमचे नव्हते त्यात. दोन दिवस तिनं वाजवलं ते चमचे नव्हते."

मला वाटलं होतं ओरडतील. संतापले की ते बोलायचेच नाहीत, चार-चार दिवस, तेही मला माहीत होतं. त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला. पेटीकडे गेले. पेटीत तळाशी एक जाडी मोठी कानस होती, चामड्याच्या म्यानात वेगळी ठेवलेली, तिला मी हातच लावला नव्हता. ती काढली, पितळेचा एक तुकडा वाईसच्या जबड्यात आवळला आणि ओढली.

खर्र.

पुन्हा ओढली. खर्र. मग तिकोनी घेतली. सुळ्ळ.

"म्हंजे ही सगळे दिवस पितळ धरत हुती," ते स्वतःशीच म्हणाले. "मी म्हटलं, मोठी हाय म्हणून धरती." त्यांनी उजवा हात डोळ्यांसमोर आणला. पालथा केला, उताणा केला, मूठ वळली, उघडली. "आगं, हात हाय की माझा. हाय की अजून!"

आणि जुईकडे वळून, मोठ्यानं, "जुबाई, हात हाय गं तुझ्या आज्ज्याचा!"

ती त्या आवाजानं रडायलाच लागली.

"पण ती तिकोनी," मी म्हटलं, "तुमच्या वडिलांची. तसली मिळत नाही म्हणाला होतात."

"न्हाईच मिळत." त्यांनी ती बोटांत फिरवली. क्षणभर चेहरा पडला, ते मला दिसलं. "वाईट झालं. लई वाईट झालं." मग चपला पायात सरकवल्या. "पोतदाराचा माणूस घ्यायला येणार हुता न्हवं? आता मीच जातो मागायला. चार दिवसांसाठी देईल एक. नव्या कोल्हापुरासनं आणू."

तासाभरात ते परत आले, खिशात रुमालात गुंडाळलेली तिकोनी कानस. दिवेलागणीआधी एक चांदणी कोरून झाली. खर्र, खर्र, खर्र. जुई त्या आवाजावर झोपून गेली. मी दारात उभी होते.

"उगं उभारलीस? बस." त्यांनी चकतीवर फुंकर मारली. "तुला सांगू? तुझ्या सासूनं पण हेच केलं हुतं. नवी नवरी, बापाच्या सोडून माझ्या सगळ्या कानशी उचलल्या अन् पळी-उलथन्यासारख्या एका तांब्यात उभ्या केल्या. नीटनेटकं दिसावं म्हणून. रोज तांब्या इकडचा तिकडं. मी म्हणतोय, माझा हात का बसंना? बाप रोज शिव्या घालतोय, तुला कामच येत न्हाई म्हणतोय. चार वर्सांनी एके दिवशी हे कापड घेऊन आली अन् रडाय लागली. तवा सांगितलं तिनं. चार वर्सांनी!"

ते हसत होते. मलाही हसू फुटलं, रडू आल्यासारखं.

"तू बरी," मामा म्हणाले आणि कानस पुन्हा चांदणीत घातली. "अर्ध्या दिवसात सांगितलंस."

सकाळी नऊला त्यांनी मला सांगितलं होतं, दुपारी तीनला मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. खर्र, खर्र.

शेवंताकाकू पुन्हा आल्या, पुन्हा स्वतःचं पीठ घेऊन. पहिली चकली फिरवली आणि कच्च्या चकलीलाच बोट लावून "आई गं!" म्हणाल्या. ते जरा जास्तच झालं, पण मामांना आवडलं. संदेशला मी फोनवर सांगितलं तेव्हा तो आधी म्हणाला, "तू सांगितलंस? कशाला?" आणि दुसऱ्या दिवशी आपणहून फोन करून म्हणाला, "बरं केलंस."

तो तीन वर्षं शनिवारी येत राहिला. मामा तीन वर्षं चकत्या करत राहिले. मी दिवसातून चार वेळा पोछा मारत राहिले. मग एका उन्हाळ्यात ते गेले, आणि आम्ही पुण्याला आलो. पांढरी फरशी आहे, पण कुठलाच आवाज नाही. जुईला झोप लागायला पहिले सहा महिने फार त्रास झाला.

नव्या कानशी कापडासकट पोतदारांकडे आहेत. नीट ठेवतात. मी दरवर्षी जाऊन बघते. जुन्या अकरा मामांनी स्वतःच परत त्या बिस्किटांच्या डब्यात घातल्या होत्या. "हिच्या हायत. आता वाजव म्हणावं खुशाल."

यंदाच्या खंडेनवमीला जुईनं तो डबा कपाटावरून काढला, पाटावर ठेवला आणि झाकणावर कुंकवाचं बोट लावलं. आता ती आठ वर्षांची आहे. चौकशा फार. म्हणून तिला सगळं सांगितलं, इथे लिहिलंय तसंच. ती डबा मांडीवर घेऊन ऐकत होती.

"पण तुला सकाळीच कळलं होतं ना?" ती म्हणाली.

"हो."

"मग आजोबांना लगेच का नाही सांगितलंस?"

मी समईची वात सारखी करत होते.

"गवार निवडत होते," मी म्हटलं.

"अर्धा दिवस?"

"खूप होती."

तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, तिच्या आजोबांसारखं, मान न हलवता. मग डबा कानाशी नेला आणि हळूच हलवला.